खडा सापडला, तरी उतरून बघा

पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा एवढं करून पाहा. काच खाली करा, रेडिओ बंद करा, शेजारच्याला दोन मिनिटं गप्प राहायला सांगा आणि एखाद्या लांब भिंतीच्या कडेकडेनं गाडी जाऊ द्या. भिंत तुमच्या चाकांचा आवाज तुम्हालाच परत देईल. त्यात घुमणं असेल, टकटक असेल, नाहीतर नुसती सळसळ असेल. नुसती सळसळ असेल तर घरी जाऊन सुखानं झोपा. बाकी काही असेल तर पुढं वाचा.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या मोटार गॅरेजात मी एकतीस वर्षं काढली. शेवटची अठरा वर्षं फोरमन होतो. कारखान्यात मोठमोठी यंत्रं बनत, त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येत. आमचं गॅरेज मागच्या फाटकाशी, चिंचेच्या झाडाखाली. टाउनशिपच्या शाळांच्या बसगाड्या, अँब्युलन्स, साहेबांच्या मोटारी हे आमचं राज्य. नागपूरहून आलेला ठोंबरे नावाचा माणूस चाकाचा आवाज ऐकून रोग सांगतो, अशी माझी ख्याती पिपलानीपासून हबीबगंजपर्यंत झाली होती. ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटाही काही कमी नव्हता.

विद्या तशी साधी आहे. गाडी धावताना भुंग्यासारखं घुमणं ऐकू येतं ना, ते टायरचं असतं किंवा बेअरिंगचं. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आलात आणि आवाज बदलला तर टायर झिजलंय. रस्ता बदलूनही तसाच राहिला तर बेअरिंग. मग कुठल्या चाकाचं? गाडी उजवीकडं वळवा. वळताना भार डावीकडं झुकतो. घुमणं वाढलं तर डावं चाक गुन्हेगार, कमी झालं तर उजवं. एवढं कळलं की निम्मं काम झालं. पण तो आवाज पहिल्यांदा पकडीत येतो ना, तो क्षण काही औरच. अंगावर काटा यायचा माझ्या. बायको म्हणायची, "दाराची कडी महिनाभर कुरकुरतेय, ती नाही ऐकू येत तुम्हाला."

चार इमलीतल्या एका बंगल्याची अँब्यासिडर आठवते. बाईसाहेबांची तक्रार अशी की गाडी फाटकातून निघताना खडखडते आणि मोठ्या रस्त्याला लागली की गप्प होते. तीन मेकॅनिकांनी तिच्यापुढं हात टेकले होते. मी दोन फेऱ्या मारल्या आणि चाकाची गोल टोपी पान्यानं उचकटली. आतून अकरा गोट्या घरंगळल्या. घरातल्या नातवानं थोरल्या भावापासून लपवून ठेवलेला खजिना होता तो. गाडी हळू असली की गोट्या आत गडगडत, वेग आला की टोपीच्या कडेला चिकटून बसत. बाईसाहेबांनी मला चहा पाजला आणि नातू मात्र माझ्याकडं जन्मभराचा वैरी असल्यासारखा पाहत राहिला.

अशा दहा गोष्टी सांगता येतील आणि दहाही गोष्टींत मीच शहाणा ठरेन. म्हणून आज ती एक सांगतो जिच्यात मी शहाणा नव्हतो.

आमच्याकडं विश्वकर्मा पूजेचा मोठा थाट. त्या दिवशी कारखान्यातली यंत्रं धुवायची, पुसायची, हार घालायचे, बुंदी वाटायची. विभागाविभागांत चढाओढ असे आणि सजावटीसाठी फिरती ढाल. सलग तीन वर्षं ती फाउंड्रीवाल्यांनी नेली होती. चौथ्या वर्षी मी चंग बांधला. सात आणि अकरा नंबरच्या बसगाड्यांची मागची चाकं उतरवली आणि रंगाऱ्याला सांगितलं, चांदीचा रंग द्या, आतून-बाहेरून, दोन हात. नट लाल. "रंगात कंजूसी नको," हे माझेच शब्द. चाकं बसवली तेव्हा रंग वरून सुकला होता. चिंचेखाली त्या दोन गाड्या अशा झळकल्या की फाउंड्रीवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. ढाल आम्हाला मिळाली.

चाक नव्यानं बसवलं की गाडी थोडी चालवून नट पुन्हा आवळायचे असतात. हे मीच नवीन माणसांना शिकवायचो. त्या दिवशी आरती झाली, बुंदी आली, ढालीसोबत फोटो निघाला. उद्या बघू म्हटलं. उद्या दुसरंच काही निघालं.

सात नंबरची बस शकूरभाई चालवत. अस्सल भोपाळी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बस चालवताना आतली पोरं कितीही किंचाळली तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे. ते बोलत ती हिंदी इथं तशीच ठेवतो, मराठीत आणली तर तिचं मीठ जाईल.

पूजेनंतर आठवड्यानं ते टेबलाशी आले. "को खाँ ठोंबरे, पीछे का पहिया कुछ कह रिया है. चलते वक़्त एक बार, रुकते वक़्त एक बार."

मी उठलो. रिकामी बस घेऊन आम्ही बरखेड्यापर्यंत गेलो. मागून स्पष्ट टिकटिक येत होती, वेगाबरोबर वाढणारी. मी हसलो. बस थांबवली, खाली वाकलो, टायरच्या खाचेत रुतलेला सुपारीएवढा खडा स्क्रू-ड्रायव्हरनं काढला आणि शकूरभाईंच्या तळहातावर ठेवला. टिकटिक बंद. तो खडा मी कागदांवर ठेवायला टेबलावर आणला आणि दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची कथा ऐकवली.

तिसऱ्या दिवशी शकूरभाई पुन्हा आले. तेच शब्द, चलते वक़्त एक बार, रुकते वक़्त एक बार.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. टेबलाभोवती चारसहा लोक उभे होते. म्हणालो, "शकूरभाई, पत्थर निकल गया, वहम नहीं निकला आपका." लोक हसले. मी वहीत सात नंबरपुढं 'फिट' लिहिलं आणि सही ठोकली. शकूरभाई ती सही वाचून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गॅरेजात गोंधळ. शकूरभाईंनी बस फाटकाबाहेर काढायला नकार दिला होता. चावी खिडकीत ठेवून ते चिंचेखाली बाकावर बसले होते. मुलांसाठी दुसरी बस पाठवावी लागली, शाळा अर्धा तास उशिरा भरली, प्राचार्यांचा फोन आला. आमचे परिवहन अधिकारी सक्सेना साहेब शिस्तीचे माणूस. त्यांनी वही उघडली. वहीत 'फिट'. खाली माझी सही.

"ठोंबरे, गाडी फिट है तो इनकी चार्जशीट बनेगी, आज ही," ते म्हणाले. "मुलांची गाडी अडवणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?" साहेब लखनौकडचे, पण माझ्याशी रागावून बोलताना त्यांना मराठी सुचायची.

शकूरभाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. सत्तावीस वर्षांत एक ओरखडा नाही. मुलांची गाडी अडवल्याबद्दल निलंबन झालं असतं आणि तोच डाग घेऊन ते घरी गेले असते. मी साहेबांकडं एक तास मागितला. खरं सांगायचं तर अजूनही मला वाटत होतं की म्हाताऱ्याचा हट्ट आहे. पण त्यांना मी ओळखत होतो. हट्टासाठी चावी ठेवणारा माणूस नव्हता तो.

आम्ही बस काढली. चाचा-भतीज्यासारखे एकमेकांवर रुसून. पिपलानीपर्यंत गेलो, आलो. काही नाही. मागची चाकं मुनीसारखी गप्प.

"देख लिया?" मी म्हणालो.

"ख़ाली बस में चुप रहता है, मियाँ. बच्चे बैठते हैं तब बोलता है. आप दोनों बार ख़ाली ले के गए थे."

आणि माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. भार! इतरांना जी विद्या शिकवतो ती मीच विसरलो होतो. आणि दुसरं त्याहून वाईट. टिकटिक तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला होत होती. हा माणूस पहिल्या दिवसापासून सांगत होता, निघताना एकदा आणि थांबताना एकदा. तो वेगळाच आवाज होता. मला खडा सापडला आणि मी त्यांचं वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं होतं.

मुलं तर बसवता येणार नव्हती. मी धावत फाउंड्रीत गेलो, ओतकामाच्या साच्यांसाठी तिथं वाळूचे ढीग असत. ढाल गमावलेल्यांच्या दारात! त्यांच्या मुकादमानं मला जरा ताटकळवलं, पण चाळीस पोती वाळू दिली आणि वर चढवायला चार माणसंही दिली. बसच्या बाकांवर पोती बसवली, अगदी पोरांसारखी, दोनदोन. शकूरभाई स्टिअरिंगवर. मी मागच्या चाकाच्या वर पालथा पडलो, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फळीला आणि मूठ कानाला. लोखंडातून येणारा आवाज हवेतल्यापेक्षा कितीतरी खरा असतो.

"चलाओ."

बस हलली. कट्.

बारीक, कोरडा, एकदाच. वाळकी काडी मोडावी तसा. मग लांबपर्यंत काही नाही. "रोको," मी ओरडलो. ब्रेक लागला. कट्.

"सुना?" पुढून आवाज आला.

"सुना, शकूरभाई, सुना!" माझं काळीज उडत होतं. आनंदानंच, हे कबूल करतो. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात पकडला नव्हता. उजव्या बाजूला जाऊन पडलो. पुन्हा चालवली, पुन्हा थांबवली. इकडं अस्पष्ट. पुन्हा डावीकडं. स्वच्छ, कानात सुई टोचल्यासारखा. डावं मागचं चाक. उडी मारून खाली उतरलो, गुडघे टेकले आणि बघितलं.

लाल नटांभोवती चांदीचा रंग फाटला होता. प्रत्येक नटाखालून गंजाची तपकिरी रेघ ओघळली होती. मी एका नटाला बोटं लावली. पाना नव्हे, बोटं. नट फिरला.

बसला मागं जोडचाकं असतात. एका चाकाची तबकडी दुसऱ्याच्या तबकडीवर घट्ट बसलेली, लोखंडावर लोखंड. मी मधे रंगाचे थर भरले होते. प्रत्येक पृष्ठभागावर दोन हात. भार आला, ऊन लागलं, रंग दबला, पिठासारखा झाला आणि नट सैल पडले. बस निघताना आणि थांबताना जोडचाक केसभर सरकत होतं. आठपैकी चार नट सैल, दोन बोल्टांना चीर. आणखी आठवडाभरात ते चाक बस सोडून आपल्या वाटेनं गेलं असतं आणि बसमधे बावन्न मुलं असती.

मी मातीतच बसून राहिलो. शकूरभाई माझ्या बाजूला उकिडवे बसले. त्यांनी 'मैंने कहा था' म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते म्हणाले, "ग्यारह नंबर को भी तो आपने ही दुल्हन बनाया था."

अकरा नंबर त्या दिवशी मुलींच्या शाळेची सहल घेऊन भोजपूरला निघणार होती.

फाटकावर विचारलं. सहलीच त्या, वेळेवर कधी निघतात? बस नुकतीच गेली होती, पाव तास झाला असेल. आम्ही गॅरेजची जीप काढली, जॅक आणि पाना टाकला. जीप शकूरभाईंनी चालवली. हबीबगंजचं रेल्वे फाटक बंद! मालगाडी चालली होती, डबे संपता संपत नव्हते, आणि पलीकडं रस्त्यावर आमची बस कुठं दिसत नव्हती. मी बसल्या जागी डबे मोजत होतो. सत्तावन्न. शकूरभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. फाटक उघडलं आणि त्या माणसानं, सत्तावीस वर्षांत ओरखडा न आणणाऱ्यानं, दोन टांगे, एक टेम्पो आणि एक उंटगाडी अशी मागं टाकली की मी डोळे मिटून घेतले.

मिसरोदच्या पुढं बस दिसली. खिडक्यांतून मुलींच्या भेंड्या ऐकू येत होत्या. अशा गलक्यात चाक ओरडलं असतं तरी कोणाला कळलं असतं? आम्ही बाजूनं हॉर्न वाजवत हात केले. अकरा नंबरचा ड्रायव्हर बाबूलाल, त्यानंही आनंदानं हात केला. मुलींनी केले. शेवटी शकूरभाईंनी जीप पुढं काढली आणि हळूहळू, अगदी हळूहळू वेग कमी करत बसला थांबवलं. जोरात ब्रेक लावू द्यायचा नव्हता.

दारातून जोशी बाई उतरल्या. इंदूरच्या, गणित शिकवायच्या, कडक. "काय हो ठोंबरे, आमचं काही राहिलं का टाउनशिपमधे?"

"बाई, मुलींना आधी खाली घ्या. एकेक करून, सावकाश."

माझा चेहरा बघून त्यांनी लगेच मुलींना उतरवायला सुरुवात केली. मुली आंब्याच्या झाडांखाली गेल्या. मी डाव्या चाकाशी वाकलो. तीन नट सैल होते. चौथ्याच्या जागी नटच नव्हता, नुसता बोल्ट, टोकाला थोडा लाल रंग लागलेला.

तिथंच नट आवळले आणि बाबूलालनं रिकामी बस माणसाच्या चालीनं परत नेली. दुपारी दुसरी बस आली आणि मुली भोजपूरला गेल्याच. जोशी बाईंनी जाताना मला एक डबा दिला, त्यात शंकरपाळे होते.

संध्याकाळी सक्सेना साहेबांसमोर वही होती. साहेबांचा माझ्यावर जीव होता. म्हणाले, "तकनीकी ख़राबी लिख दो, बात ख़तम." पण बात ख़तम कुठं होणार होती? नुसता तांत्रिक बिघाड लिहिला असता तर सकाळची नोंद तशीच राहिली असती: गाडी फिट, ड्रायव्हरचा नकार. शकूरभाईंची सुटका एकाच वाक्यानं होत होती आणि ते वाक्य माझ्याच हातचं लागत होतं. मी 'फिट'वर रेघ मारली आणि लिहिलं: ड्रायव्हर शकूर यांनी दोनदा तक्रार केली. मी ती नीट ऐकली नाही. चाकं माझ्या सांगण्यावरून रंगवली होती आणि नट पुन्हा आवळले नव्हते.

चार्जशीट फाडली गेली. मला ताकीदपत्र मिळालं आणि त्या वर्षी ठरलेली बढती पुढं गेली. गर्वाचं घर खाली म्हणतात, माझं तर चाकाखाली होतं. घरी पत्र दाखवलं तर बायकोनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बरं केलंत." त्याच आठवड्यात मी दाराच्या कडीला तेल घातलं.

पुढच्या विश्वकर्मा पूजेला ढाल फाउंड्रीकडं परत गेली. आमच्या गाड्यांना रंग नव्हता. आरतीनंतर शकूरभाईंनी पूजेच्या ताटातला शेंदूर तेलात कालवला आणि एका काडीनं प्रत्येक नटावर एक रेघ ओढली, नटावरून थेट तबकडीवर उतरणारी. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "नट हिला तो लकीर टूटेगी. फिर कान की ज़रूरत नहीं, आँख काफ़ी है." मी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी गाडी सुटण्याआधी ती रेघ तपासायची पद्धत गॅरेजात होती. नवीन माणसांना वाटे ती पूजेचीच रीत आहे. मी कधी दुरुस्त केलं नाही.

हे लिहायला बसलो त्याला कारण गेल्या महिन्याचं. मुलानं नवी मोटार घेतली. शकूरभाई आता ऐंशीच्या पुढं गेलेत, डोळे अधू झालेत. त्यांना मुद्दाम घरून घेतलं आणि आम्ही एका जुन्या सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला निघालो. मी कानाला यंत्र लावतो हल्ली. एकतीस वर्षांच्या इंजिनांनी त्यांचं देणं वसूल केलं आहे. एमपी नगरच्या वळणावर मागच्या सीटवरून शकूरभाई म्हणाले, "ठोंबरे, पहिया कुछ कह रिया है."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मुलगा हसला. "काका, गाडी तीन आठवड्यांची आहे. आणि बाबांना तरी ऐकू आलं का?"

"गाडी बाजूला घे," मी म्हणालो.

"अहो बाबा, उशीर होतोय."

"घे म्हटलं ना."

उतरलो. गुडघे आता कुरकुरतात, तरी सुटाबुटात वाकलो. एकेक चाक हातानं चाचपलं. चौथ्या चाकाच्या खाचेत शेंगदाण्याएवढा खडा होता. काढला आणि खिडकीतून शकूरभाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी फिरवून बघितला आणि जरा खजील झाल्यासारखे हसले.

"पत्थर ही निकला, खाँ. आपको नाहक उतारा."

"कुछ नाहक नहीं," मी म्हणालो. मग चारही चाकांचे नट बघून आलो आणि गाडीत बसलो.